ओठांचा मेळ

मी हिंदी मालिका मराठीत आणते.
लष्करात, दौलतगंजच्या मागच्या खोलीत, रजईत पाय घालून,
मिनिटाला इतके रुपये.
शब्द अर्थाला नंतर, ओठांना आधी बसायला हवा:
पडद्यावरच्या बाईने ओठ मिटले की माझ्याही वाक्यात
प, ब, म यांपैकी कुणीतरी हजर पाहिजे.

‘मर गया’ला म्हणूनच ‘मेला’ चपखल बसतो.
‘गेला’ बसत नाही. ग घशात होतो, ओठ उघडेच राहतात.

पण चॅनेलचं पत्र आहे: लोक त्या वेळी जेवत असतात.
‘मेला’ नको. ‘वारला’ जुनाट वाटतो.
देवाघरी पाठवा, नाहीतर
आपल्यातून, आपल्याला सोडून, असं काहीतरी.
खलनायक मेला तर चालेल, एवढी सवलत.
आणि फार नक्की लिहू नका,
मानधनाचं जमलं तर नट दोनशे बाराव्या भागात परत येईल.
आला होता एक. नवा चेहरा, जुनी बायको.

बातम्यांचं बरं. तिथे बसमधले चौदा सरळ ठार होतात,
मंत्र्यांचं तेवढं निधन.

अप्पा सगळं बघतात. आवाज चाळीसवर, तरी ऐकू येत नाही;
कानाचं यंत्र डब्यात, नजर बोलणाऱ्याच्या तोंडावर.
“हा कुठे गेला गं?”
“गेला, अप्पा.”
“येईल,” म्हणतात,
आणि गजकाचा तुकडा दाढेखाली सरकवतात.

जानेवारीत हेरंब.
जयारोग्यच्या बाहेर धुकं इतकं
की रुग्णवाहिकेचा नुसता दिवा फिरत होता.
डॉक्टरने चष्मा काढला नाही. त्याला चष्माच नव्हता,
माकडटोपी होती.
कुणाचा चेहरा तीनदा जवळ आला नाही.
वॉर्डबॉय म्हणाला, “बॉडी कब ले जाएँगे?”
दहा मिनिटांपूर्वी तो बेड नंबर नऊ होता,
त्याआधी एक्केचाळीस वर्षं हेरंब.

घरी आले. अप्पा टीव्हीसमोर.
म्हटलं, हेरंब गेला.
“कुठे?”
आपल्यात नाही राहिला.
“काय नाही राहिलं?”
मऊ शब्द ओरडून सांगता येत नाहीत.
करून बघा. गल्लीला ऐकू जाईल एवढ्यांदा ‘देवाज्ञा’.

मग पुढ्यात गुडघे टेकून बसले, तोंड उजेडात धरलं,
ओठ नीट मिटले, उघडले.
मेला.

अप्पांचा चेहरा उजळला.
“मेल्यात? ह्या थंडीत?
टोपी घेतली का त्याने?”

रेसकोर्स रोडला त्या दिवसांत पाट्या लागतात,
एक बाण आणि खाली एकच शब्द, हिंदीत.
गाड्यांवर सूट, सॉफ्टी, आकाशपाळणे.
लहानपणी हेरंब त्या पाटीखाली उभा राहून विचारायचा, “कोण?”
घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी,
तीस वर्षं पुरला तो विनोद आम्हाला.
सगळ्यात जास्त अप्पाच हसायचे.

“परत सांग,” ते म्हणाले.
सांगितलं.
त्यांनी माझ्या ओठांवर बोट ठेवलं
आणि म संपून गेल्यावरही
तिथेच राहू दिलं.

तेराव्यानंतर काम घेतलं. पैसे लागतात.
भाग तीनशे चाळीस: दारावरचा लाल दिवा विझतो,
डॉक्टर चष्मा काढतो, मान हलवतो.
बोलतो तो बाकावरचा धाकटा भाऊ.
हिंदीत कुणी कसं कोण जाणे, सरळच ठेवलं होतं.
मी रकान्यात लिहिलं, ‘मेला’.
दुपारी फाइल परत. पिवळ्यात: कृपया सौम्य करा.
केलं.

आज रात्री लागला तो भाग.
अप्पा खुर्ची ओढून पडद्याशी जाऊन बसले होते.
“हा खोटं बोलतोय,” म्हणाले.
“ओठ बघ त्याचे.”